दस्ता बदलायचाय? आधी दस्तऐवज!

घरातल्या जुन्या बारा बोअरला नवा ‘लुक’ द्यायचा विचार डोक्यात घोळतोय? मग लाकूड निवडण्याआधी कायदा वाचा. कारण या कस्टमायझेशनचं बिल कधी कधी मालकाच्या नाही, तर गावातल्या सुताराच्या नावावर फाटतं!

आपली पिढी कस्टमायझेशनवर पोसलेली आहे. मोबाईलचं कव्हर आपल्या आवडीचं, कॉफीत साखर किती ते आपण सांगणार, नवीन बुलेट दारात आली की पहिल्याच महिन्यात तिचं हँडल आणि सीट बदलणार. (सायलेन्सरचं नाव काढत नाही. ट्रॅफिक पोलीस ते गोळा करून रोडरोलरखाली घालतात, ते फोटो तुम्ही पाहिलेच असतील.) जे आपलं, ते आपल्या मापाचं हवं. एकदम सिंपल फंडा!

आता माझ्या वाट्याला कस्टमाईज करायला जी वस्तू येऊ घातली आहे, ती जरा हटके आहे. बारा बोअरची दुनळी बंदूक.

दचकू नका. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि डेडलाईनशिवाय आजवर कशाचीही शिकार केलेली नाही. पण माझं गाव जांब समर्थ. जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. समर्थ रामदासांचा जन्म इथला, १६०८ सालचा. रामनवमीला गाव फुलून जातं, आणि एरवी मोसंबी, कापूस, ऊस यांत बुडालेलं असतं. तिथं आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, कपाटात ही बंदूक आहे. अण्णा आता ७४ वर्षांचे आहेत. त्यांचा पहिला परवाना १९७९ सालचा, त्यावर जिल्हा ‘औरंगाबाद’ आहे. कारण जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. म्हणजे आमची बंदूक आमच्या जिल्ह्यापेक्षा मोठी आहे!

दिवाळीत अण्णांनी जाहीर केलं, “आता ही तुझी. मला पेलवत नाही.” भाऊ कॅनडात, त्यामुळे स्पर्धा नव्हती. बंदूक हातात घेऊन पाहिली तर दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, दस्त्याला चापामागे बारीक चीर गेली आहे. दोन, दस्ता अण्णांच्या पावणेसहा फुटांच्या मापाचा आहे आणि मी आहे पाच फूट एक इंच. थोडक्यात, दस्ता बदलायलाच हवा होता. मग मी जे आपण सगळेच करतो ते केलं. लॅपटॉप उघडला आणि कायदा वाचायला बसले. डोकं गरगरलं, पण जे हाती लागलं ते सांगण्यासारखं आहे.

बंदूक हवीच कशाला?

हा प्रश्न मला ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज विचारला जातो. उत्तर सोपं आहे. रात्री रानडुकरांचा कळप शिरला की सकाळी मक्याचं काही उरत नाही. रोही, म्हणजे नीलगाय, एका उडीत कुंपण ओलांडते. शेतकऱ्याची ही अडचण शस्त्र कायदा करणाऱ्यांनाही माहीत होती. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, तसंच संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीवाल्या बंदुकीचा खास उल्लेख आहे. ठासणीची पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर पिकासाठीही दुसरी बंदूक मिळू शकते. बारा बोअर यातच बसते.

अर्थात, बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन खात्याची वेगळी परवानगी लागते. अण्णांनी हवेत बार काढून डुकरं पळवली, एवढाच तिचा इतिहास.

शिवाय ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्या राममंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा बातमी राज्यभर गाजली. पुढे पोलिसांनी मूर्ती शोधून आणल्या. पण त्या काळात गावात रात्री कुत्रं भुंकलं तरी माणसं उठून बसायची. घरात बंदूक असणं म्हणजे काय, हे तेव्हा आईच्या चेहऱ्यावर दिसायचं. तिचा धीर आणि तिची धास्ती, दोन्ही त्या एकाच कपाटात होते.

दस्ता म्हणजे नुसतं लाकूड नव्हे

दस्ता, बट, कुंदा, काहीही म्हणा. बंदुकीचा हाच भाग माणसाला चिकटतो. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर फार महत्त्वाचं असतं. शूटिंगवाले त्याला ‘लेंग्थ ऑफ पुल’ म्हणतात. तयार बंदुकीत ते साधारण १४ ते साडेचौदा इंच असतं. माझ्यासारखीला ते लांब पडतं. मग दस्ता काखेत अडकतो, गाल लाकडावर नीट टेकत नाही आणि धक्का खांद्याच्या खळगीऐवजी दंडावर बसतो. दुसऱ्या दिवशी माऊस धरायची सोय नाही!

म्हणून बंदूक मापाची करून घेणं ही चैन नाही. ऑलिंपिकमधल्या नेमबाजांची हत्यारं बघा. गालाची पट्टी वरखाली होते, मागची पट्टी पुढेमागे सरकते. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धन राठोडनं डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं ते शॉटगननंच. २०२४ मध्ये पॅरिसला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्य आणलं. या खेळात हत्यार अंगाला बेतून घेणं हा तयारीचाच भाग असतो.

लाकूडही कुठलंही चालत नाही. जगभर पसंती अक्रोडाला, कारण ते धक्का सोसतं आणि सहसा तडकत नाही. लाकडाचे रेषे दस्त्याच्या ‘मनगटातून’, म्हणजे चापामागच्या बारीक भागातून, लांबीच्या दिशेनं जावे लागतात. ते आडवे गेले की चीर ठरलेली. आमची चीर नेमकी तिथंच आहे.

“आपला सुतार हाय की!”

अण्णांचा सल्ला तयार होता. “काहून जातीस बाई इतक्या दूर? आपला सुतार हाय की. औताला लावतो तसली बाभळ लावंल. चहावर काम होईल.”

सुतारकाका माझ्या लहानपणापासून घरातले. माझा पाळणा त्यांनी केला, आमच्या दाराची चौकट त्यांची. त्यांचा हात असा की चीर कुठं होती हे शोधावं लागेल. प्रश्न हाताचा नाहीच. प्रश्न कलम ५ चा आहे.

शस्त्र अधिनियमाचं कलम ५ म्हणतं की परवान्याशिवाय कुणीही बंदूक बनवायची नाही, विकायची नाही, तिच्यात फेरबदल करायचा नाही आणि तिची *दुरुस्तीही* करायची नाही. ‘फक्त लाकूडकाम असेल तर चालेल’ अशी सूट त्यात नाही. उलट, कायद्यातल्या बंदुकीच्या व्याख्येत तिचे सुटे भागही येतात. आणि शिक्षा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्यास किमान ७ वर्षं कैद, कमाल जन्मठेप, वर दंड. आधी ही मर्यादा किमान ३ ते कमाल ७ वर्षं होती. म्हणजे जुना कमाल आकडा आता किमान झाला.

आता हिशेब करा. बंदूक अण्णांची, हौस माझी, पण रंधा सुतारकाकांच्या हातात. सात वर्षांचं कलम पहिल्यांदा कुणाकडे बोट दाखवेल? चहाच्या कपावर काम करून देणाऱ्या माणसाकडे! आम्ही सुटतो असंही नाही. समोरच्याला हत्यार बाळगायचा अधिकार आहे की नाही याची खात्री न करता ते त्याच्या ताब्यात दिलं, तर कलम २९ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

हे मी अण्णांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्येच्या पोराचं लग्न हाय औंदा.” विषय संपला.

काय चालतं, काय नाही?

मग करायचं काय? दुरुस्तीचा परवाना असलेल्या बंदूक व्यावसायिकाकडे जायचं. मोठ्या शहरांत अशी दुकानं असतात. दुकानदाराचा परवाना विक्रीचा आहे की दुरुस्तीचाही, हे आधी विचारून घ्या. लाजू नका, डॉक्टरची डिग्री बघतो तसंच हे आहे.

बंदूक तिथवर न्यायची कशी? इथं कायदा चक्क मदतीला येतो. कलम ३ मध्ये सोय आहे की परवानाधारकासोबत, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसरी व्यक्ती बंदूक दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी नेऊ शकते. म्हणजे अण्णांची गुडघेदुखी आड येत नाही. बंदूक रिकामी, केसमध्ये झाकलेली, सोबत परवाना आणि अधिकारपत्र. वाटेत मित्रांना दाखवायला, सेल्फी काढायला थांबायचं नाही!

कामाचं म्हणाल तर मागे रबरी पॅड लावणं, दस्ता मापानुसार आखूड किंवा लांब करणं, तडकलेला दस्ता बदलून त्याच घाटाचा नवा बसवणं ही परवानाधारक कारागिराची नेहमीची कामं. बंदूक तीच राहते, फक्त अंगाला बसते.

पण तीन ठिकाणी लाल दिवा आहे.

पहिला, नळी. ‘दस्ता आखूड करतोच आहोत, तर नळीही थोडी कापू, बॅलन्स येईल’ हा विचार डोक्यातसुद्धा आणू नका. कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे आणि शिक्षा तीच, किमान सात वर्षं. नळी २० इंचांखाली गेली की ती बंदूक साधी राहत नाही, वेगळ्या आणि कडक वर्गात जाते. २०१९ पासून एका वर्गातलं हत्यार दुसऱ्या वर्गात बदलणंही याच कलमात आलं आहे.

दुसरा, नंबर. बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा कुठलीही ओळखखूण खोडणं, काढणं, बदलणं कलम ८ नं बंद केलंय. गंमत (म्हणजे गंमत नाहीच) अशी की खूण खोडलेली बंदूक तुमच्याकडे सापडली तर ती तुम्हीच खोडली असं कायदा धरून चालतो. तसं नाही, हे तुम्ही सिद्ध करायचं. म्हणून पॉलिशच्या नादात धातूवर घासाघीस नको. जुन्या दस्त्यावर काही खूण किंवा शिक्का असेल तर तो दस्ता फेकू नका. फोटो काढा, दस्ता जपून ठेवा.

तिसरा, घाट. दस्ता पूर्ण काढून पिस्तुलासारखी मूठ लावणं किंवा घडीचा दस्ता बसवणं. सिनेमात भारी दिसतं, पण बंदूक लपवता येईल अशी झाली की शेतीसाठी घेतलेल्या हत्याराचं वर्णन आणि हातातली वस्तू यांचा मेळ बसत नाही. असं काही मनात असेलच तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा. माझा सल्ला विचाराल तर नकोच.

यूट्यूबवाला दस्ता

माझ्या टीममधल्या एकानं लगेच लिंक पाठवली. टेक्सासमधला कुणी गॅरेजमध्ये बसून दहा मिनिटांत काळाकुट्ट प्लास्टिकचा दस्ता बसवतो. “ऑर्डर कर ना, घरपोच येईल!”

घरपोच कस्टमची नोटीस येईल, दस्ता नाही. परदेशातून शस्त्र आणायला कलम १० खाली परवाना लागतो, आणि वर सांगितलं तसं, सुटे भागही कायद्याच्या कक्षेत येतात.

आणि तो टेक्सासवालाही वाटतो तितका मोकळा नाही. अमेरिकेत शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा किंवा फेरबदलानंतर एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी झाली, तर १९३४ च्या राष्ट्रीय कायद्याखाली ती आधी नोंदवावी लागते. तिथं दस्ता कापला की एकूण लांबी घटते, म्हणजे नुसत्या लाकडावर करवत चालवूनही माणूस गुन्हेगार ठरू शकतो. ब्रिटनमध्ये साध्या शॉटगन सर्टिफिकेटवर ठेवायच्या बंदुकीची नळी किमान २४ इंच लागते. आकडे देशोदेशी वेगळे, धास्ती एकच: लांब बंदूक लपवता येईल इतकी आखूड होऊ नये.

आधी नावावर, मग मापावर

या सगळ्या वाचनात मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी सापडली. ‘आता ही तुझी’ असं अण्णांनी म्हटल्यानं बंदूक माझी होत नाही. माझ्या नावाचा परवाना हातात येईपर्यंत ती त्यांचीच. मग माझ्या मापाचा दस्ता आत्ता कशाला?

२०१६ च्या शस्त्र नियमांत वारशाची सोय आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारस अर्ज करू शकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो हयात असतानाही करता येतो. त्याचं वय ७० झालेलं असावं किंवा त्यानं ती बंदूक २५ वर्षं बाळगलेली असावी, यातलं जे आधी घडेल ते. अण्णा दोन्हींत बसतात. वारसांत मुलगी येते, सूनही येते. ‘बंदूक पोरालाच जाते’ असं कुणी पारावर सांगितलं तर नियम दाखवा. बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं लिहून मात्र घ्यावं लागतं. कॅनडातल्या भावानं ते पाठवलं, सोबत तीन हसऱ्या स्मायली.

माझा अर्ज जाणार पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात, कारण मी राहते तिथं. अण्णांचा परवाना जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडचा. पोलीस पडताळणी, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि बंदूक सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी. यादी पासपोर्टपेक्षा लांब आहे, आणि असायलाच हवी. परवाना मिळेलच याची खात्री नाही. नकार आला तर बंदूक अण्णांकडेच राहील. पुढेमागे परवाना संपला आणि वारसाला मिळाला नाही, तर ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागेल. घरात ‘आठवण’ म्हणून ठेवता येत नाही, दस्ता कितीही देखणा असला तरी.

चौकट: करवत उचलण्याआधी

• परवाना चालू आहे ना? २०१९ च्या दुरुस्तीपासून मुदत ३ वरून ५ वर्षं झाली आहे. त्यावर यूआयएन क्रमांक आहे का, तेही बघा.

• एका परवानाधारकाला जास्तीत जास्त २ बंदुका. आधी ही मर्यादा ३ होती. वारशानं आलेलीही यातच मोजली जाते.

• काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच. बंदूक देताना पावती घ्या. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि नेमकं काम लिहून घ्या.

• कामाआधी आणि कामानंतर फोटो. जुना दस्ता जपून ठेवा.

• नळी आणि नंबर यांना हात नाही. अजिबात नाही.

• शंका असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयात साधा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

• नवा दस्ता बसला म्हणून वरातीत बार काढायचा नाही. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे केलेल्या गोळीबाराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तर सध्याची स्थिती अशी. माझ्या अर्जाची कागदपत्रं जमली आहेत, प्रशिक्षणाची तारीख मिळाली आहे. चीर गेलेल्या दस्त्यासह बंदूक कपाटात आहे आणि अण्णांनी काडतुसं वेगळ्या कुलपात टाकली आहेत. चिरलेल्या दस्त्याची बंदूक वाजवायची नाही, हे त्यांना कुठल्या कलमानं शिकवावं लागलं नाही.

सुतारकाकांना मात्र काम मिळालंय. सुरक्षित ठेवण्याची हमी द्यायची तर कपाटही तसंच हवं ना? सागाची जाड फळी, आतून लोखंडी पट्टी, दोन कुलपं. माप माझ्या उंचीचं घेतलं, म्हणजे वरच्या कडीला हात पुरेल. या कामाला कुठलाही परवाना लागत नाही. आणि यंदा घरात लग्न आहे, तेव्हा नुसत्या चहावर भागणार नाही, मजुरी पूर्ण द्यायची, हे अण्णांनी आधीच बजावलंय.